डे-लिली : खोल लावली आणि फसलो



सोलापुरात सात रस्त्याजवळ माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. आक्काचे गुडघे गेलेत, अंगणातल्या गुलाबाची खुरपणी तिला आता होत नाही. "जास्त बघावं लागणार नाही असं काहीतरी लाव बाबा," म्हणाली. मागच्या जूनला डे-लिलीची तीस रोपं आणली. फुलबाजारात जुडी बांधून जाते ती पांढरी लिली वेगळी. ही पिवळी-केशरी. एक फूल एकच दिवस टिकतं, पण एका दांड्यावर कळ्या बऱ्याच, म्हणून रोज नवं उमलतं.

मी आयुष्यभर ऊस लावलेला माणूस. तोच हात इथं चालवला. सरी पाडली, रोप चार बोटं खोल दाबलं. माती काळी, भारी. सप्टेंबरात झड लागली, सरीत पाणी साचलं. पानं पिवळी पडली, ओढली की हातात यायला लागली. बुडखा सडून वास मारत होता. तीसातली अकरा राहिली. आक्का काही बोलली नाही, पण मला तिच्या दारात जायची लाज वाटायची.

डे-लिलीला कांद्यासारखा कंद नसतो, जाड मुळ्या असतात. पानं आणि मुळ्या जिथं मिळतात तो बुडखा वरच राहिला पाहिजे. गरम, ओल्या मातीत खोल गेला की सडतो.

दिवाळीनंतर पुन्हा बसलो. वीतभर उंच गादीवाफा केला, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. मुळ्या पसरून लावल्या, बुडख्यावर माती इंचभरच. दोन रोपांत दीड फूट. जागा सकाळच्या उन्हाची, दुपारी सावलीची, कारण मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो. उसाचं पाचट अंथरलं, पण बुडख्यापासून लांब. पाणी हिवाळ्यात आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात दोनदा.

अकराची अकरा जगली. एप्रिलमध्ये पहिलं फूल आलं. आक्का आता फक्त सुकलेले दांडे मोडते. तीन-चार वर्षांनी गड्डा दाट झाला की फोडून लावायचा, ते काम माझं.

शेतात एकरावर लावा असं मी सांगणार नाही. एका दिवसाचं फूल बाजारात कोण घेणार? फुटवे मात्र रोप म्हणून विकता येतात.

आता पुन्हा पावसाळा आलाय. खरी परीक्षा सप्टेंबरच्या झडीत आहे. किती राहिली ते तेव्हा लिहीनच.