ऑस्ट्रियाचे काडतूस, खडकीचा शिक्का

थ्रेड : आपल्या जन्मभूमीत पोरके झालेले एक काडतूस ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरांपर्यंत कसे पोहोचले, त्याची ही गोष्ट.

१/ शहापूर तालुक्यात माझ्या मामांची भातशेती आहे आणि पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एक जुनी रायफल आहे, '३१५ बोअर'ची. काडतुसे महाग आणि परवान्यावर मोजून मिळणारी. एकदा त्यांनी मला मुरबाडला फोन केला : "रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचा साचा कुठे मिळतो का रे? बघ जरा." मी शोधू लागलो.

२/ हा साचा म्हणजे पोलादी डाय. बार उडताना पितळी पुंगळी फुगून नळीच्या मागील पोकळीला घट्ट बसते. डायमध्ये दाबली की ती पुन्हा मूळ मापाला येते. मग नवा प्रायमर, दारू आणि गोळी. प्रत्येक काडतुसाचा डाय वेगळा, त्यामुळे आधी काडतुसाचे कुळ शोधणे आले.

३/ ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. '३१५' हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८×५० मॅनलिखर काडतुसाचे भारतीय नाव. १८८८ च्या मॅनलिखर रायफलीच्या घराण्यातले हे काडतूस पहिल्या महायुद्धात त्या साम्राज्याच्या सैनिकांनी वापरले.

४/ युद्धात साम्राज्य मोडले. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रिया आणि हंगेरी ८×५६ या नव्या काडतुसाकडे वळले आणि जुने मागे पडले. आज पाश्चात्त्य हौशी लोक रशियन ७.६२×५४ च्या पुंगळ्या कापून, घडवून हे काडतूस तयार करतात. ८×५६ चा डाय सहज सापडतो, पण तो याला चालत नाही. त्याची गोळीही जाड असते.

५/ मग ते भारतात का जगले? उत्तर सत्तेच्या भीतीत आहे. १८५७ चा धसका घेतलेल्या सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली. युरोपियनांना मात्र सूट होती. पुढे ३०३ सारखी लष्करी मापे खासगी हातांना बंद झाली. लष्करी कोठारातून चोरलेले काडतूस खासगी रायफलीत चालू नये, हा हेतू.

६/ म्हणून लष्कराला निरुपयोगी असलेले परके माप शिकाऱ्यांसाठी पुढे आले. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने या मापाच्या रायफली बनवल्या. नंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ३०३ च्याच धाटणीची '३१५' घडवली. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ पासूनचा हा कारखाना. पुंगळीच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरे त्याचीच.

७/ ही भीती मुरबाडला परकी नाही. विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी याच तालुक्यातल्या सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कुणाच्या हाती कोणते शस्त्र असावे, हा प्रश्न इथे कागदावरचा नव्हता.

८/ राज्य बदलले, पण लष्करी आणि नागरी मापांतली ही भिंत राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे डाय हे साधे अवजार नव्हे. मामांना सांगितले : साचा नको, परवानाधारक दुकानातूनच घ्या. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे पुंगळीलाही परवाना लागतो तर!" पैसे वाचले नाहीत, पण परवाना आणि घराची अब्रू दोन्ही शाबूत राहिली.

९/ इतिहास शिकताना आपण नाण्यावरची अक्षरे वाचतो, तोफेवरचा लेख वाचतो. संग्रहालयात काडतूस दिसले, तर त्याचे बूडही वाचा. कारखाना, माप आणि कधी कधी वर्षही तिथे कोरलेले असते. ते माप कुणी ठरवले आणि कुणाला नाकारले, हा पुढचा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

(समाप्त)