पहिला मीटर

2023 च्या श्रावणातली गोष्ट. एका नगरपरिषदेच्या सांडपाण्याच्या पाणथळ वाफ्याशी प्रशिक्षणाला आलेल्या तीस जणांची बॅच उभी होती. मी नेहमीप्रमाणे इनलेटच्या खडीवर उकिडवा बसलो, मूठभर खडी उकरून नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणालो, "टाकी बरी चाललीय. मातीचा वास आहे." कोणी हसलं नाही. पण डोळे उघडले तेव्हा निम्म्या बॅचच्या नाकाला रुमाल होता.

माझा वास गेला एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. जिभेची चव महिन्याभरात परतली, नाक परतलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं; गॅस बंद केला की नाही हे आता बायको बघते. बॅचला मात्र मी कळू दिलं नाही. दोन वर्षं मी नाकाचं नाटक केलं. खडीवरचा थर काळा दिसला की सल्फाइड म्हणायचं, पाण्याच्या तोंडाशी पांढरे धागे दिसले की आणखी ठामपणे म्हणायचं, वाफ्यावरच्या माणसाचा चेहरा वाचायचा. बहुतेक वेळा जमून जायचं. त्या दिवशी पहाटे पाऊस झाला होता, वरची खडी स्वच्छ धुतली गेली होती, आणि मी फसलो.

नाक ही माझी मिरवायची वस्तू होती. उपअभियंता, ग्रामसेवक, सरपंच, मुख्याधिकारी अशा सगळ्यांना दोन दिवसांत सांडपाण्याचे पाणथळ वाफे शिकवायचे, तर पहिल्या दिवशी हॉलमध्ये स्लाइड बघून कोणीही पेंगतं. दुसऱ्या दिवशी साइटवर मी मूठभर खडी हुंगून "या टाकीचा गाळ तीन वर्षांत उपसलेला नाही" असं सांगायचो, आणि वाफ्याचा माणूस कान पकडून म्हणायचा, "बरोबर आहे साहेब." तिथून पुढे बॅच माझी. त्याच बॅचला मी मॅनहोलचाही धडा द्यायचो: सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं समजू नका, हवेत त्या वायूचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. हे वाक्य मी बधिर नाकानं दोन वर्षं ऐकवलं.

दुसरी मिरवायची वस्तू ग्लास. आउटलेटचं पाणी काचेच्या ग्लासात घ्यायचं, शेजारी बाटलीचं पाणी ठेवायचं आणि साहेबांना विचारायचं, ओळखा. 2011 मध्ये एका मोठ्या पाहुण्यांसमोर मी त्यातला घोटभर प्यायलो. टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढचे दोन दिवस कसे गेले ते बायकोला माहीत. शंभर मिलीलिटरमधल्या एक कोटी जंतूंपैकी 99 टक्के वाफ्यानं अडवले तरी एक लाख उरतातच, हे त्याआधी मीच फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

असो. खरी गोष्ट पहिल्या मीटरची आहे.

आडव्या वाफ्याची, म्हणजे ज्यात पाणी खडीतून आडवं वाहतं त्याची, लांबी वीस मीटर असो की तीस, त्याचं नशीब पहिल्या मीटर-दीड मीटरमध्ये ठरतं. वाफ्याआधीच्या टाकीतून सुटलेला बहुतेक गाळ तिथंच अडतो. खडीच्या फटीत आधी राखाडी बुळबुळीत थर चढतो, तो काळा होतो, मग पाणी खालून जायचं सोडून वर येतं. वर आलेल्या पाण्यात डास होतात, डास झाले की सदस्य ओरडतात, सदस्य ओरडले की वाफ्यावर मुरूम पडतो. वाफे मरताना मी पाहिले ते सगळे असेच मेले, तोंडाकडून. शेपटाकडची खडी काढून बघावी तर पाच वर्षांनीही स्वच्छ.

यावर मी काय काय केलं नाही? तोंडाशी चाळीस ते ऐंशी एमएमचा दगड भरला. पाइपाऐवजी रुंदीभर पन्हळ टाकली. वाफा आखूड आणि रुंद केला, कारण प्रश्न क्षेत्रफळाचा नसतो, पाणी ज्या उभ्या काटछेदातून आत शिरतं त्याचा असतो. त्या काटछेदाच्या चौरस मीटरला दिवसाला 250 ग्रॅम बीओडीच्या, म्हणजे सेंद्रिय घाणीच्या, वर भार नको, असा जाणत्यांचा संकेत आहे. पण जागा कुठली मिळते? नाल्याकाठची लांबट पट्टी. "साहेब, क्षेत्र तेवढंच आहे ना?" असं विचारणाऱ्याला मी इतकी वर्षं समजावतोय की घरात शिरायचं तर दार रुंद लागतं, ओसरी लांब असून भागत नाही. मान डोलते. पुढच्या गावात पुन्हा पट्टीच.

आणि खडी. क्रशरवरून येणारी आमची काळी खडी पिठात घोळल्यासारखी असते. बाटलीत मूठभर घाला, पाणी भरा, हलवा, दहा मिनिटं ठेवा. तळाशी बोटभर राखाडी चिखल बसला तर तोच चिखल वाफ्यात भरताय. माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात खडी धुण्याची बाब मीच घालायला विसरलो होतो. कंत्राटदारानं मायेनं विचारलं होतं, "सर, धुणं कुठल्या आयटममध्ये बसवू?" बसलं नाही कुठंच. अडीच वर्षांत तो वाफा चोंदला. आजही एखादा गडी खडीवर पाइप मारताना दिसला की मला थांबून बघावंसं वाटतं.

याहून मोठी चूक वर्गात झाली. "मुळं वाफा मोकळा ठेवतात" हे वाक्य मी पंधरा वर्षं शिकवलं. ऐकायला गोड, वाफ्यात लावलेल्या कर्दळीच्या फोटोशेजारी तर फारच शोभायचं. कल्पना जर्मनीची. पन्नासच्या दशकात केटे झायडेल यांनी लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, आणि पुढे राइनहोल्ड किकुट यांनी खडीऐवजी चिकणमातीत नळ नावाचं गवत लावून सांगितलं की काही वर्षांत मुळं-खोडंच मातीत वाटा करतील. 1974 मध्ये ओटफ्रेझेनला तसा वाफा सुरू झाला. ऐंशीच्या दशकात डेन्मार्कनं या भरवशावर मातीचे कितीतरी वाफे बांधले. वाटा झाल्या नाहीत. पाणी मातीवरून वाहत गेलं. हे छापून आलेलं होतं, मी वाचलेलंही होतं. तरी स्लाइड काढली नाही, कारण त्या स्लाइडला लोक मोबाइल काढून फोटो घ्यायचे.

आता थोडं इतरांविषयी. जिवाणूंची पुडी विकणारे माझ्या डोक्यात जातात. चोंदलेल्या वाफ्यात पुडी टाका, महिन्यात मोकळा! अहो, त्या गाळात जिवाणूंना काय तोटा? बंदिस्त यंत्रवाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांचं वीजबिल त्यांच्याशी भांडतंच. पण कर्दळीच्या चार रांगा, मधे कारंजं आणि वर "नैसर्गिक प्रकल्प" अशी पाटी लावणारे सल्लागार आहेत, त्यांच्या खडीत हात घालायची मला फार इच्छा आहे. बरीच प्रशिक्षणंही आता दोन दिवसांवरून दोन तासांवर आली, तीही ऑनलाइन. कॅमेरे बंद, नावं चालू. शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करा. खडीला हात न लावता वाफा शिकलेला माणूस तयार होतो आणि त्याची सही अंदाजपत्रकावर चालते.

तर ते रुमाल. चहाच्या वेळी त्या बॅचमधली एक कनिष्ठ अभियंता माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, तुम्हाला वास येत नाही ना?" मी म्हणालो, "सर्दी आहे." ती थोडं थांबली. "माझ्या बाबांचाही गेलाय. तेपण भाजी अशीच नाकाशी धरतात, डोळे मिटून." मी कपातला चहा संपवला. आणखी काय करणार?

पुढच्या एप्रिलमध्ये तिचा फोन. तिच्या गावच्या वाफ्यात तिनं भोकं पाडलेल्या पीव्हीसीच्या तीन नळ्या उभ्या पुरल्या होत्या, एक तोंडाशी, दुसरी मीटरभर आत, तिसरी मध्यावर. प्रत्येकीत थर्माकोलच्या तुकड्यावर उभी केलेली खुणांची काडी. "सर, पहिल्या दोन नळ्यांतल्या पातळीचा फरक ऑक्टोबरला दोन सेंटिमीटर होता, आज अकरा आहे." मी आधी चेष्टाच केली, पाणथळीला सलाइन लावलंस का म्हणालो. फोन ठेवल्यावर कागद घेतला. प्रवाह तोच असेल तर त्या एका मीटरची पाणी वाहून न्यायची ताकद सहा महिन्यांत पाचव्या हिश्शाच्याही खाली गेली होती. पाणी अजून वर आलेलं नव्हतं. सदस्य ओरडले नव्हते. वासही, तिच्या म्हणण्याप्रमाणे, ठीक होता. म्हणजे माझं नाक शाबूत असतं तरी मी "बरं चाललंय" म्हणूनच परतलो असतो. तो आकडा माझ्या मनात बरेच दिवस सलत राहिला. आधीच्या किती वाफ्यांना मी असा दाखला देऊन आलो असेन?

चोंदण्यावर औषध जुनंच आहे, विश्रांती. वाफा रिकामा करा, तोंडाशी हवा खेळू द्या, थर सुकून आकसतो. फ्रेंचांनी उभ्या, म्हणजे पाणी वरून खाली झिरपतं अशा, वाफ्यांची अख्खी पद्धत यावर उभारली. त्यांच्या पहिल्या टप्प्यात तीन वाफे असतात, प्रत्येकाला साडेतीन दिवस काम, सात दिवस सुट्टी, आणि मैलापाणी टाकीशिवाय थेट वाफ्यावर. आमच्याकडे दोन वाफे मागितले तर एक मंजूर होतो. त्या एकाला सुट्टी द्यायची तर पाणी कुठं वळवायचं?

एकाच वाफ्याची पातळी निदान खाली आणता येते, आउटलेटचा एल्बो वळवून. तो सुटा ठेवायचा असतो. एका गावी प्लंबरनं तो सोल्युशन लावून पक्का चिकटवला होता, वरून सिमेंटचा गिलावाही दिला होता. "गळत होता साहेब, बंद करून टाकला." इतकं नीटनेटकं काम मी क्वचित पाहिलंय.

हल्ली पहिल्या मीटरचा तास तीच कनिष्ठ अभियंता घेते. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. गेल्या महिन्यात एका सरपंचांनी मला खूण केली, सर, तुमचं ते वासाचं दाखवा की. माझी कीर्ती पोचली होती. मी खडी त्यांच्याच हातात दिली. म्हणालो, "माझं नाक गेलंय. तुम्ही सांगा." त्यांनी हुंगून सांगितलं, गोठ्यासारखा. शेजारचे ग्रामसेवक म्हणाले, छे, हा तर डबक्याचा. दोघांची जुंपली, बॅच दोन्ही बाजूंनी बोलू लागली. तिनं वाकून काड्या वाचल्या. "नऊ."

मी उठून आउटलेटच्या चेंबरशी गेलो. झाकण सरकवलं, हात घातला आणि एल्बो दोन बोटांनी खाली ढकलून पाहिला. वळत होता.