विठ्ठल नावाचा युजर

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

नानांच्या नव्या कॉम्प्युटरवर सोसायटीच्या हिशेबाचा प्रोग्राम इन्स्टॉल होत नाही. हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे जाते, थबकते आणि उलटी मागे येते. मग एक चौकट उघडते: इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ शकलं नाही, एरर १६०३. खाली ‘ओके’चं एकच बटण.

नाना सोसायटीचे खजिनदार. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचं कायद्याचं बंधन आहे, आणि आमची सभा २८ तारखेच्या रविवारी ठरली आहे. ताळेबंद, थकबाकीदारांची यादी, सगळं या प्रोग्राममधूनच छापायचं. जुना कॉम्प्युटर विंडोज १०चा. मायक्रोसॉफ्टचा विंडोज १०ला असलेला आधार १४ ऑक्टोबरला संपतो आहे, म्हणून नानांनी सभेआधीच नवा घेतला.

१६०३ हा विंडोज इन्स्टॉलरचा सर्वसाधारण आकडा. काम मोडलं एवढंच तो सांगतो, का मोडलं ते सांगत नाही. फोल्डरवर ‘सिस्टीम’ खात्याला पूर्ण परवानगी नसली, फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असला, तोच प्रोग्राम आधीच बसलेला असला, तरी हाच आकडा येतो. भाच्याने फोनवर ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, “मावशी, फॉरमॅट मार.” मला हा सल्ला मुळीच पटत नाही. फॉरमॅट मारून कारण पुसलं जातं, कळत नाही. आणि बिघाड फॉरमॅटनंतरही तोच राहिला तर मधला सगळा वेळ फुकट.

नानांच्या टेबलावरची रेघांची वही घेतली. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा, मग पुन्हा चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज नेहमीचे संशय. डाउनलोड अर्धवट उतरलं आहे का? कंपनीने फाईलसोबत एसएचए-२५६ची ओळ दिली आहे, ६४ अक्षरांची. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची सोय आधीपासूनच असते. तिच्याकडून आपल्या फाईलची तशीच ओळ काढून घेतली. नानांनी एक वाचली, मी दुसरी पडताळली. जुळली, म्हणजे फाईल शाबूत.

डिस्कवर जागा भरपूर. रीस्टार्ट करून झालं. नानांचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचंच आहे. अँटिव्हायरसने काही अडवल्याची नोंद नाही. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची खूण होती, ती केली. फरक शून्य, पण इतकी कारणं यादीतून गेली.

रविवार, १४ सप्टेंबर

आज छडा लागला.

इन्स्टॉलर चौकटीत बोलत नाही, पण लिहायला सांगितलं तर सगळं लिहून ठेवतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याला स्लॅश, एल, तारका, व्ही अशी खूण आणि लॉगच्या फाईलचं नाव दिलं, की तो पावलोपावली नोंद करतो. हा लॉग हजारो ओळींचा निघतो. पहिल्या ओळीपासून वाचत बसलं तर माणूस वैतागून उठतो. खरी जागा शोधायची असेल तर ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधायचे. ते जिथे पहिल्यांदा सापडतात, त्याच्या थोडं वर कारण असतं. लॉगच्या शेवटी जे दिसतं ती आवराआवर असते. बसवलेलं सगळं परत काढून टाकल्याची जंत्री.

आम्हीही तेच केलं. सापडलेल्या जागेच्या वर ही ओळ होती: सी कोलन, युजर्स, मग सहा प्रश्नचिन्हं, मग ॲपडेटा, लोकल, टेम्प. आणि शेजारी एरर १२३.

मी थांबले. युजर्सच्या पुढे नानांच्या खात्याचं नाव यायला हवं. दुकानातल्या मुलाने खातं उघडताना विचारलं होतं, नाव काय घालू, आणि नानांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून मराठीत ‘विठ्ठल’ लिहिलं होतं. नानांना म्हटलं, “तुमच्या नावाचे तुकडे मोजा.” व, वेलांटी, ठ, पाय मोडण्याची खूण, ठ, ल. डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात. युनिकोडमध्ये ते सहा स्वतंत्र संकेत आहेत. प्रश्नचिन्हंही सहा.

त्यानंतर सगळं लख्ख उलगडलं. विंडोजच्या आत फाईलींची नावं युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे ‘विठ्ठल’ हा फोल्डर डिस्कवर अगदी नीट आहे. एक्स्प्लोररमध्ये सुरेख दिसतो. पण प्रोग्रामला विंडोजशी बोलायला दोन दारं ठेवलेली आहेत, एक युनिकोडचं आणि एक जुनं, कोड पेजचं. जुन्या दाराने आलेल्याला एका वेळी एका कोड पेजातली अक्षरं मिळतात. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर ते सहसा १२५२ क्रमांकाचं, पश्चिम युरोपीय लिपीचं असतं. त्यात २५६ जागा, आणि देवनागरीला एकही नाही. जे अक्षर तिथे बसत नाही त्याच्या जागी विंडोज प्रश्नचिन्ह ठेवतं. आणि फाईलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह तर विंडोजला चालतच नाही. तारका, कोलन, उभी रेघ यांच्यासारखंच ते वर्ज्य. म्हणून १२३: नावाची रचना चुकीची आहे.

या प्रोग्रामचा इन्स्टॉलर मधल्या एका टप्प्यावर टेम्प फोल्डरमध्ये रिकामी डेटाबेस बनवतो, आणि ते काम जुन्या दाराने करतो. तिथे तो पडतो. वर चौकटीत उरतं नुसतं १६०३.

हे कळल्यावर मला राग आला, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. मराठी कॉम्प्युटरवर यावी म्हणून या देशात किती काम झालं आहे! आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचं तंत्र घडवलं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९८६ साली इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठरला. १९९१ साली ‘इस्की’ या भारतीय लिप्यांच्या संकेतांचं भारतीय प्रमाण आलं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती, देवनागरीसाठी १२८ जागांची स्वतंत्र पंगत राखून. विंडोज २०००पासून देवनागरी विंडोजमध्ये सरळ लिहिता येते. त्याला पाव शतक झालं. आणि महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठी बनवलेला प्रोग्राम ‘विठ्ठल’ या नावाला अडखळतो.

सोमवार, १५ सप्टेंबर

शेजारचे सेक्रेटरी काका आले होते. त्यांचा सल्ला: “इंग्रजीत नाव करून टाका, किती वेळ लागतो?” वाटतं तितकं ते सरळ नाही. सेटिंग्जमधून खात्याचं नाव बदललं तरी युजर्समधला फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. तो खातं उघडताना एकदाच ठरतो. म्हणजे नवं खातं उघडायचं, फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड सगळं तिकडे न्यायचं. नानांनी विचारलं, “अगं, पण चूक माझ्या नावाची आहे का?”

“नाही नाना. तुमचं नाव बरोबर आहे.”

दुसरा मार्ग विंडोजनेच दिला आहे. २०१८पासून प्रादेशिक सेटिंग्जच्या पोटात एक पर्याय आहे, सगळ्या कॉम्प्युटरचं कोड पेज यूटीएफ-८ करण्याचा. त्यात देवनागरी बसते. पण त्याच्यापुढे ‘बीटा’ असं लिहिलेलं आहे, आणि १२५२ गृहीत धरून लिहिलेले जुने प्रोग्राम त्याने बिघडू शकतात. सभा तोंडावर असताना सगळ्या यंत्रावर परिणाम करणारा बदल मला नको.

तिसरा मार्ग लहान आणि नेमका. टेम्प फोल्डर कुठे असावा हे विंडोज ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ या दोन व्हेरिएबलना विचारून ठरवतं, आणि ती बदलता येतात. सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत ‘टेम्प’ नावाचा फोल्डर केला, नानांच्या खात्याच्या दोन्ही व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता घातला, आधीची मूल्यं वहीत उतरवून ठेवली. साइन आउट, साइन इन.

पट्टी निम्म्याच्या पुढे गेली. थांबली नाही. प्रोग्राम इन्स्टॉल झाला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

इन्स्टॉल झाला, पण उघडत नाही. ‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडली नाही.’ नाना हिरमुसले. मी मात्र खूश होते, कारण या चौकटीत कारण लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांना लागणारी ही सामाईक फाईल. चांगला इन्स्टॉलर ती सोबत आणतो. याने आणली नाही.

इथे एक धोका आहे, तो नानांना नीट सांगितला. या फाईलचं नाव शोधलं की ‘एकच डीएलएल मोफत उतरवा’ म्हणणारी पानं रांगेने येतात. तिथून काहीही घ्यायचं नाही. कोणी काय घालून ठेवलं असेल त्याचा भरवसा नाही. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हे पूर्ण पॅकेज त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं.

ते दोन प्रकारचं असतं, एक्स-६४ आणि एक्स-८६. कॉम्प्युटर ६४ बिटांचा, म्हणून एक्स-६४ घ्यावं असं कुणालाही वाटेल. पण प्रश्न प्रोग्राम किती बिटांचा हा आहे. टास्क मॅनेजरमध्ये त्याचा पत्ता नव्हता, कारण तो उघडतच नव्हता. पण तो बसला होता ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स-८६)’मध्ये, म्हणजे बहुधा ३२ बिटांचा. एक्स-८६ टाकलं आणि प्रोग्राम उघडला. ही फाईल मग गेली कुठे ते नानांना दाखवलं. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ६४ बिटांच्या डीएलएल ‘सिस्टीम३२’ फोल्डरात असतात आणि ३२ बिटांच्या ‘सिसवॉव६४’मध्ये. नावं उलटी वाटतात, पण जुने प्रोग्राम ‘सिस्टीम३२’ हे नाव धरून लिहिलेले होते, ते बदललं असतं तर मोडले असते. नानांनी ही ओळ वहीत लाल शाईने लिहिली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

जुन्या कॉम्प्युटरवरचा बॅकअप नव्यावर घेतला. प्रोग्राम डेटा ठेवायला डॉक्युमेंट्स सुचवत होता, म्हणजे पुन्हा तीच वाट. डी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांतला फोल्डर दिला. थकबाकीची यादी मागच्या छापील यादीशी पडताळली, सभासदवार. जुळली. ताळेबंदही छापून ऑडिटरकडे गेला.

बुधवार, २४ सप्टेंबर

प्रोग्राम बनवणाऱ्यांना रविवारीच मेल लिहिली होती, लॉगमधल्या ओळींसकट. आज उत्तर आलं: कृपया युजरचं नाव इंग्रजीत ठेवावं. सभ्य उत्तर आहे, पण मला ते मान्य नाही. परत लिहिलं. टेम्पचा पत्ता विचारणाऱ्या आणि फाईल बनवणाऱ्या ज्या विंडोजच्या सोयी तुम्ही वापरता, त्यांची युनिकोड जोडी उपलब्ध आहे, ती वापरा. किंवा प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ हे कोड पेज जाहीर करा. २०१९च्या विंडोज १० आवृत्तीपासून एकट्या प्रोग्रामपुरतं ते करता येतं, बाकी कॉम्प्युटरला धक्का लागत नाही. गुजराती, कन्नड, तमिळ, बंगाली यांनाही विंडोजचं जुनं कोड पेज नाही, तेव्हा या लिप्यांत नाव लिहिणारा प्रत्येक गिऱ्हाईक याच ठिकाणी अडकेल. नवी आवृत्ती पाठवण्याआधी एक खातं ‘विठ्ठल’ नावाचं उघडून तिथे इन्स्टॉल करून बघा. तोवर तुमच्या मदतीच्या पानावर टेम्प फोल्डर बदलण्याची रीत मराठीत लिहा. मजकूर हवा असेल तर मी देते.

तो मजकूर आजच लिहून मेलला जोडला.