काच आणि कोमट पाणी

माळव्याच्या रात्रीची ख्याती मोठी आहे. परंतु ती वर्णन करणाऱ्यांनी पौषातली उज्जैनीची पहाट बहुधा अनुभवली नसावी. उत्तरेचा वारा सुटला म्हणजे येथे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, क्षिप्रेच्या घाटांवर धुके बसते आणि नळाचे पाणी बोटांना चावू लागते. नेमक्या याच दिवसांत आमच्या मराठी घरांतून झाडलोट निघते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस; चार सुवासिनी घरी यावयाच्या, तर खिडक्यांच्या काचा लख्ख हव्यातच. त्यासाठी कढत पाण्याची बादली भरावयाची, ही जुनी रीत. गरम पाण्याने मळ लवकर सुटतो आणि काच चटकन वाळते, असे आमच्या आईच्या पिढीपासून सांगितले जाते.

ही रीत तपासून पाहण्याचा योग आला तो मात्र सातासमुद्रापलीकडून. आमचे चिरंजीव मिनियापोलिस येथे असतात. संक्रांतीच्या आधी सूनबाईंचा फोन आला. "बाबा, बाहेर उणे वीस आहे. रविवारी हळदीकुंकवाला मंडळी यायची आहेत आणि काचेवर बाहेरून सगळे गोठून बसले आहे. आईंच्या पद्धतीने उकळते पाणी ओतू का?"

आम्ही म्हणालो, "ओतू नकोस. आधी कंदिलाची गोष्ट ऐक."

वीज येण्यापूर्वीच्या घरांत वाढलेल्यांना ती गोष्ट ठाऊक आहे. कंदिलाची काच रोज राखेने पुसावयाची, पण थंड झाल्यावर. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला तरी ती तडकत असे. काचेतून उष्णता फार सावकाश जाते, हे त्याचे कारण. एक बाजू एकदम तापली की ती प्रसरण पावू पाहते, दुसरी बाजू मात्र जागची हलत नाही. या ओढाताणीत काच फुटते. साध्या काचेची एक मीटर लांबी १०० अंशांच्या फरकाने मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते, पण तेवढे पुरते. अशी काच सुमारे ४० अंशांचा आकस्मिक फरक सोसते. उणे वीस अंशांच्या तावदानावर ऐंशी अंशांचे पाणी म्हणजे १०० अंशांचा धक्का! प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच तो सोसते, कारण तिचे प्रसरण साध्या काचेच्या एकतृतीयांशच असते. मोटारीच्या पुढच्या काचेवरही म्हणूनच कढत पाणी ओतू नये. तिला खडा लागून बारीक चीर गेलेली असेल, तर फूट तेथूनच सुरू होते.

आणि काच वाचली तरी काम साधत नाही. ओतलेले पाणी क्षणात निवते, पुन्हा गोठते आणि खाली ओघळून पायरीवर बर्फाचा थर करते. त्यावरून येणाऱ्या पाहुण्यांचे पाय घसरावयाचे. तेव्हा सूनबाईंना सांगितले, की बाहेरची काच उन्हाळ्यापर्यंत राहू दे. अगदीच करावयाची तर भर दुपारी, कोमट पाण्यात थोडे स्पिरिट घालून, फडके घट्ट पिळून, एकेक तावदान पुसून लगेच कोरडे करावे. स्पिरिटामुळे पाणी लवकर गोठत नाही.

उज्जैनीत पाणी गोठण्याचा प्रश्न सहसा नसतो. म्हणून येथे कढत पाणी निर्धोक, असे मात्र नव्हे. पहाटेची काच आठ-दहा अंशांवर असते. तिच्यावर उकळते पाणी उपडे केले तर फरक ऐंशीच्या पलीकडे जातो. जुन्या वाड्यांतील तावदाने पातळ, कडेला टवके गेलेली; त्यांचा भरवसा धरू नये. शिवाय आमच्या कूपनलिकांचे पाणी जड. गरम पाणी जितक्या लवकर वाळते तितक्या लवकर क्षारांचे पांढरे डाग मागे ठेवते. त्याला सिरक्याचा हात आणि जुने वर्तमानपत्र हाच उतारा.

थंडीत पाण्याची ऊब कशी वापरावी, हे आम्हांला खरे शिकवले ते माळव्याच्या शेतकऱ्यांनी. आमची नोकरी महसूल खात्यात गेली. जानेवारी २०११ मध्ये मध्य प्रदेशात पाला पडून पिकांची मोठी हानी झाली, तेव्हा पंचनाम्यांसाठी गावोगाव हिंडताना रात्रभर विहिरींवर मोटारी चालताना पाहिल्या. निरभ्र, निवांत रात्री हवा चार अंशांवर असली तरी पान शून्याखाली जाते. भूगर्भातले पाणी मात्र ऊबदार असते. ते हरभऱ्याच्या शेतात हलके सोडले म्हणजे जमीन निवण्याचे थांबते. गोठू लागले तरी ते दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता सोडूनच गोठते. सावकाश दिलेली ऊब रोप राखते. एकदम दिलेली काच फोडते.

येथे एक प्रश्न उरतो आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे. काचेला कढत पाणी नको, हे ठरले. मग ते हवे कोणाला? जुन्या घरांत तांब्याचा बंब पहाटे पेटे. त्यातले पहिले पाणी पुरुषांच्या आंघोळीला, मग मुलांच्या. भांडी, फरशी, खिडक्या यांच्या वाट्याला येई ते नळाचे. आणि ती कामे करणारे हात असत घरातल्या सुनांचे नाहीतर मोलकरणीचे. हिवाळाभर त्या हातांना भेगा पडत आणि रात्री त्यांत तूप भरले जाई. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आमच्या घराण्यांनी पुष्कळ चांगल्या रीती जपल्या, तशी ही वाटणीही जपली. बंब गेला, गिझर आला. वाटणी अनेक घरांत तशीच आहे.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना सौ.ने एकदा विचारले, की खिडक्यांना पाणी किती गरम लागते? त्या हसून म्हणाल्या, "माँजी, काँच को तो ठंडा भी चलेगा. गरम तो हाथ को चाहिए."

तापमापी न लावता दिलेले हे उत्तर शास्त्रालाही धरून आहे. हाताला सुखावेल इतकेच, म्हणजे तीस-पस्तीस अंशांचे पाणी घ्यावे, फडके पिळावे; काचेलाही ते बाधत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या मोरीला आता गरम पाण्याचा नळ जोडलेला आहे. गिझरचे बिल महिन्याला थोडे वाढले, पण यंदा माघातही बाईंच्या बोटांना भेगा नाहीत. सूनबाईंनाही तेच कळवले : काचा धुवायच्या राहिल्या तरी चालतील, येणाऱ्यांचे लक्ष तिळगुळाकडे असते.