पाण्यात राहूनही तापणारी होडी

बालदोस्तांनो, एक सोपा प्रयोग आज घरी करून बघा. एका स्टीलच्या वाटीत आणि तेवढ्याच आकाराच्या प्लॅस्टिकच्या वाटीत सारखंच गरम दूध घ्या. दूध ओतायचं काम मात्र आईला नाहीतर बाबांना सांगा. आता दोन्ही वाट्या परातीतल्या गार पाण्यात ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. स्टीलच्या वाटीतलं दूध पिण्याजोगं होईल, प्लॅस्टिकच्या वाटीतलं अजून चांगलंच गरम असेल!

पाणी तेच, परात तीच, मग फरक कुठे पडला? वाटीच्या भिंतीत. धातू उष्णतेला बाहेर जायला वाट देतो, प्लॅस्टिक ती अडवून धरतं. लाकूडही तसंच. म्हणून तर झाऱ्याला आणि तव्याला लाकडी मूठ बसवतात. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण हिच्यामुळेच आमची होडी भर तळ्यात बंद पडली होती.

ही होडी म्हणजे आमच्या घरातली एक मोठीच असामी! माझ्या वडिलांनी १९९३ साली ती प्लायवूडची बनवली. लांबी दोन फूट, वर निळा ऑइलपेंट, सांध्यांत लांबी भरून घासून घासून गुळगुळीत केलेली. तेव्हा तिच्यात टेपरेकॉर्डरची जुनी मोटर आणि चार सेल असत. सोडली की ती गोल गोल फिरायची आणि आम्ही काठावरून टाळ्या पिटायचो. वडील आता नाहीत, होडी मात्र आहे. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, इतक्या वर्षांत तिच्या आत पाण्याचा एक थेंबही शिरला नव्हता.

पुढे माझ्या भाचीने आणि मी मिळून तिला रिमोट कंट्रोल बसवला. ही कल्पना काही आजची नाही बरं का! निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. तिच्यातही विजेची मोटर आणि बॅटरीच होती. म्हणजे आमच्या होडीची पणजीच म्हणा ना!

गेल्या वर्षी भाचीने साठवलेल्या पैशांतून एक जोरदार मोटर घेतली. मोटरबरोबर लागतो स्पीड कंट्रोलर. काडेपेटीपेक्षा जरा मोठी अशी ही डबी बॅटरीतली वीज मोजून मापून मोटरला देते. दुकानदाराने दिलेला कंट्रोलर होता रिमोटच्या गाडीचा. त्यावर चिमुकला पंखा होता. ‘होडीत बिनधास्त बसवा, पंखा आहे ना!’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गावाबाहेरच्या पाझर तलावावर गेलो. होडी अशी काही सुसाट सुटली की बघतच राहावं! तीन-चार मिनिटं झाली आणि तळ्याच्या मधोमध ती एकदम थांबली. भाचीने सगळी बटणं दाबून पाहिली. सुकाणू डावी-उजवीकडे हलत होतं, पण मोटर ढिम्म!

“मामा, मी आणते. पाणी गुडघ्याएवढंच दिसतंय,” असं म्हणत ती चपला काढून निघालीसुद्धा. मी तिचा दंड घट्ट धरला. दोस्तांनो, हे नीट वाचा. तळ्याचा तळ वरून कधीच कळत नाही. खाली गाळ असतो, त्यात पाय रुततो. गाळ काढायला खणलेले खोल खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. होडी आजोबांची असली तरी तिच्यामागे पाण्यात उतरायचं नाही, म्हणजे नाहीच! भाची रुसली, पण थांबली.

आणि मग गंमत झाली. दहाएक मिनिटांनी तिने सहज बटण दाबलं, तर मोटर आपोआप सुरू! होडी रमतगमत काठाला आली.

“मामा, भूतबीत आहे का रे हिच्यात?” भाची म्हणाली.

भूत नव्हतं, पण कोडं नक्कीच होतं. आम्ही हेरासारखे पुरावे गोळा केले. पहिला संशयित, रेडिओ. पण होडी थांबली तेव्हा सुकाणू रिमोटचं ऐकत होतं, म्हणजे रेडिओ निर्दोष. दुसरी संशयित, बॅटरी. मीटर लावून पाहिला, तर ती अर्धीसुद्धा संपली नव्हती. तीही सुटली. मग झाकण उघडलं, आणि आतून भट्टीसारखी गरम हवा तोंडावर आली. कंट्रोलर सणसणीत तापला होता! असे कंट्रोलर फार तापले की स्वतःला वाचवण्यासाठी मोटरची वीज तोडतात. थोडे निवले की पुन्हा चालू. आपल्याकडे दुपारी दुकान बंद करून संध्याकाळी उघडतात ना, तसंच!

पण मग तो पंखा काय करत होता? झाकण घट्ट लावलेल्या होडीत पंखा तीच ती गरम हवा घुसळत होता. गाडीत बाहेरची ताजी हवा मिळते, होडीत ती कुठून येणार? बाहेर अख्खं तळं गार पाण्याने भरलेलं, आणि मध्ये लाकडाची भिंत. प्लॅस्टिकच्या वाटीतलं दूधच की हे!

आता थोडं गणित करू. घाबरू नका, गुणाकारच आहे. तारेतून किंवा कंट्रोलरमधून वीज जाताना जी उष्णता तयार होते, ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणलं की मिळते. कंट्रोलरचा रोध ०.००५ ओहम धरा. २० अँपिअर प्रवाह असेल तर २० × २० × ०.००५, म्हणजे २ वॉट. ४० अँपिअर असेल तर ४० × ४० × ०.००५, म्हणजे ८ वॉट. पाहिलंत? प्रवाह दुप्पट, पण उष्णता चौपट! म्हणूनच जुन्या मोटरला जे चालत होतं, ते नव्या मोटरला पुरेना.

उपाय उघड होता. गार पाणी बारीक नळीने आत आणायचं, कंट्रोलरला आणि मोटरला टेकवत फिरवायचं आणि पुन्हा बाहेर सोडायचं. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता वाहून नेण्यात वीस पटींहून सरस असतं. पण त्यासाठी होडीला दोन भोकं पाडावी लागणार होती. ज्या होडीत थेंबभर पाणी जाऊ नये म्हणून वडील रात्र रात्र घासत बसले, तिच्यात आपल्या हाताने पाणी सोडायचं? ड्रिल हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसताच बसलो होतो.

शेवटी भाची तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे गेली. आईने होडी मांडीवर घेतली, तिच्या तळावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “अरे, विचारतोस काय? हे असते तर तुझ्या आधी त्यांनीच भोक पाडलं असतं! टेपरेकॉर्डर काय, धड चालणारा होता, तोही मोटरसाठी फोडला होता त्यांनी.”

झालं, आम्ही कामाला लागलो. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या काकांनी तांब्याची बारीक नळी दिली. अशी नळी तशीच वाकवली की चेपते आणि आतली वाट बंद होते. म्हणून तिच्यात कोरडी बारीक रेती ठासून भरायची, दोन्ही टोकं बंद करायची आणि मग हळूहळू वाकवायची. नंतर रेती झटकून नळी पाण्याने धुऊन टाकायची. या युक्तीने मोटरभोवती तीन वेढे अगदी सुबक बसले. आमच्या मोटरचं बाहेरचं कवच फिरत नाही, म्हणून हे जमलं. ज्यांचं कवचच फिरतं, त्यांना अशी नळी गुंडाळता येत नाही.

कंट्रोलरवरचा पंखा काढून तिथे ॲल्युमिनियमची पट्टी बसवली आणि तिच्यावर नळीचा एक वेढा स्क्रूने आवळला. धातूवर धातू ठेवला तरी मध्ये न दिसणाऱ्या बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी उष्णतावाहक पेस्ट मध्ये लावली, पातळ थर, जाड नाही. विजेच्या भागांना धातू चिकटू नये म्हणून कंट्रोलरचा मूळचा रबरी थर तसाच ठेवला.

पाणी ओढायला पंप लागला का? मुळीच नाही! मागच्या फळीतून पितळेची एक नळी बाहेर काढली आणि तिचं तोंड प्रॉपेलरच्या मागे, त्याच्याकडे वळवून ठेवलं. प्रॉपेलरने मागे फेकलेलं पाणीच जोराने नळीत घुसतं. दुसरं भोक बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर. तिथून वापरलेलं पाणी बाहेर पडतं.

पाणी आधी कोणाकडे न्यायचं, यावर आमची चर्चा झाली. मोटरची उष्णता कंट्रोलरच्या कितीतरी पट असते. तिच्याकडून आलेलं कोमट पाणी कंट्रोलरला देण्यात काय अर्थ? शिवाय कंट्रोलरच नाजूक. म्हणून पहिला मान कंट्रोलरचा, मग मोटरचा.

घरी टबमध्ये होडी धरून चालवली आणि बाहेर पडणारं पाणी औषधाच्या मापाने मोजलं. मिनिटाला साधारण १५० मिलिलिटर. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते. कंट्रोलरचे ८ वॉट म्हणजे मिनिटाला ४८० ज्यूल. तेवढ्याने १५० ग्रॅम पाणी एक अंशसुद्धा तापत नाही! इतकं थोडं पाणी, पण कामाला केवढं वाघ!

तरीही सावधगिरी हवीच. प्रत्येक जोड आम्ही आतून कोरडा कागद ठेवून तपासला. रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर फुग्यात घालून फुग्याचं तोंड बांधलं. पुढे-मागे थर्मोकोलचे तुकडे भरले, म्हणजे पाणी शिरलंच तरी होडी बुडायची नाही.

पुन्हा तळ्यावर गेलो, तेव्हा होडी पळताना तिच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार उडत होती. कोकणात मोटार लावलेल्या छोट्या होड्या बघा. त्यांच्या इंजिनातूनही अशीच धार पडताना दिसते. धार चालू, म्हणजे आत सगळं ठीक. आमची धारही छान चालली होती. आठव्या मिनिटाला ती अचानक बंद झाली. “मामा, धार गेली!” असं ओरडत भाचीने होडी लगेच वळवली. काठाला आणून पाहतो तर नळीच्या तोंडात शेवाळ! तारेने ते काढलं आणि होडी परत सोडली. या वेळी कुणाला पाण्यात उतरावंसं वाटण्याची वेळच आली नाही.

तुम्हीही असं काही करणार असाल तर मोठ्या माणसाला सोबत घ्या. लिथियम बॅटरी एकट्याने चार्ज करू नका आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नका. उशीसुद्धा त्या लाकडी भिंतीसारखीच उष्णता कोंडून ठेवते. आता घरात एक चक्कर मारा. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून का ठेवत नाहीत? कॉम्प्युटरच्या मागे जाळी कशाला? स्कूटरच्या इंजिनावर पत्र्याच्या कडा का असतात? प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथली उष्णता बाहेर कुठून जाते? बघू या, किती वाटा सापडतात तुम्हांला!