रामा शेट्टी आणि जोतीबा

नागपुरात आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सदाशिव अमरापूरकरांचं नाव काढलं की निम्मी मंडळी विचारतात, "कोण?" 'सडक'मधली महाराणी म्हटलं की लगेच ट्यूब पेटते. चरित्र अभिनेत्याचं असंच असतं... चेहरा घरोघरी, नाव कुणालाच आठवत नाही.

हा माणूस नगरचा, मराठी रंगभूमीवरून आलेला. गोविंद निहलानींच्या 'अर्धसत्य'मध्ये (१९८३) त्यांचा रामा शेट्टी मोजक्याच प्रसंगांत दिसतो. आरडाओरडा नाही, तरी अंगावर काटा येतो. त्यासाठी सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. पुढे 'सडक' (१९९१) आला आणि खलनायकासाठीचं पहिलंवहिलं फिल्मफेअरही त्यांनाच. शिक्का पक्का!

गंमत म्हणजे मधल्या काळात, १९८८ साली, श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये हेच गृहस्थ महात्मा फुले झाले होते. दूरदर्शनवर, अख्ख्या देशासमोर. तरी हिंदी सिनेमावाल्यांना त्यांच्यात बहुतेक वेळा गुंडच दिसला.

आपल्या आयटीत तरी वेगळं काय? पाच वर्षं मी प्रॉडक्शन सपोर्टला आहे. नवीन प्रोजेक्ट आलं की, "अरे, तो सपोर्टवाला ना?" म्हणून हे जरा जास्तच लागतं.

अमरापूरकरांनी शिक्क्याची कामं चोख केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१३च्या दुष्काळात, होळीला मुंबईत पाण्याची नासाडी थांबवायला गेले आणि धक्काबुक्की सोसली. २०१४ मध्ये ते गेले.

असो. या वीकेंडला फुल्यांचा तो भाग बघाच. बघताना महाराणी आठवते का, ते मला सांगा.