दुपट्याचं माप

मानकोली, ता. भिवंडी
१२ डिसेंबर

चि. बाळूस,


मित्राला मुलगी झाली, जानेवारीत बारसं आहे आणि या वेळी विकतचं काही न नेता स्वतःच्या हातानं काहीतरी करून द्यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. ‘आत्या, तुझ्या मशीनखाली कातरण पडलेलंच असेल, थोडं पाठव, फुकटात छान भेट होईल,’ असंही तू लिहिलंस. कातरण आजच पाठवते आहे. त्या ‘फुकटात’बद्दल मात्र थोडं बोलायचं आहे. शिवायचं कसं तेही सांगायचं आहे आणि फोनवर सांगितलेलं शिवण ध्यानात राहत नाही. कागदावर असलं की सुई हातात घेऊन पुन्हा वाचता येतं.

आमच्या भागात चिंधीलाही भाव आहे, हे आधी लक्षात घे. १८५७ नंतर उत्तरेतले विणकर भिवंडीत येऊन राहिले, पुढे तेलुगू पद्मशाली आले, हातमागांच्या जागी यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांचं कितीतरी काम यंत्रमागांवर सरकलं, त्यातलं बरंच भिवंडीत आलं. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इथल्या शेडमध्ये चालले. तेव्हापासून या गावात कापडाचा कचरा हा स्वतंत्र धंदाच आहे. थान कापताना उरलेले तुकडे, डागी माल, शिवणाऱ्यांकडची कातरण, बिनधोट्याच्या मागावर कापडाच्या कडेनं सुटणारी दोऱ्यांची झालर, सगळं किलोवर विकलं जातं. सुती वेगळं, पॉलिस्टर वेगळं, पांढरं वेगळं आणि पांढऱ्याला भाव जास्त. कुठे त्यानं यंत्रं पुसतात, कुठे ते गादीत भरतात. पानिपतला तर जुने कपडे पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढणारा मोठा उद्योग आहे. शाळेत आपल्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवलं, पण भिवंडीत टाकाऊ असं काही फार सापडत नाही.

मानकोलीचं निराळं आहे. लहानपणी सुट्टीत यायचास तेव्हा हायवेपासून खाडीकडे भाताची शेतं होती, ती तुला आठवत असतील. आता नाक्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत. मुंबई-नाशिक रस्ता जवळ, बंदर फार लांब नाही आणि उल्हास नदीवरच्या पुलानं डोंबिवलीही समोर आली. त्यामुळे अख्ख्या मुंबईला लागणारा माल इथे उतरतो, इथून निघतो. तू आजवर घरबसल्या मागवून लोकांना पाठवलेल्या भेटींतल्या काही बहुधा आमच्याच दारावरून गेल्या असतील. गावची पोरं-पोरी त्या गोदामांत कामाला आहेत. त्यांच्या पगारावर घरं चालतात, तेव्हा मी गोदामांना नावं ठेवणार नाही. पण ती खोकी भरताना आत काय आहे आणि ते कुणाला जाणार, याच्याशी भरणाऱ्याचा संबंध नसतो. माल सगळ्यांसाठी सारखाच असावा लागतो, तरच तो परवडतो. हातानं केलेल्या वस्तूचं मोल नेमकं इथे सुरू होतं. ती एकाच माणसाच्या मापाची असते. हे माप तिच्यात नसेल, तर हातानं केलेली वस्तू दुकानातल्या वस्तूची ओबडधोबड नक्कल होते आणि घेणारा संकोचानं ती कपाटावर टाकून देतो.

द्रौपदीची गोष्ट तुला आजीनं सांगितली असेल. अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्यामुळे ती घराघरांत गेली. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सुभद्रेला शालू फाडवेना. द्रौपदीनं अंगावरचा भरजरी पितांबर फाडून चिंधी दिली. लोक त्यात त्याग बघतात. मी शिवणारी बाई, मला त्यात माप दिसतं. कृष्णाला तेव्हा अख्खं वस्त्र नको होतं, बोटाला गुंडाळण्यापुरतं हवं होतं, आणि तिनं तेवढंच, त्याच घडीला दिलं. शिवाय ती चिंधी काही उरलेल्यातली नव्हती.

तेव्हा तुझ्या मित्राच्या लेकीला काय हवं, हे आधी ठरव. माझ्या मते दुपटं. आपल्याकडे बाळंतविड्यात झबलं, टोपडं, कुंची आणि दुपटी हातानं शिवूनच द्यायची रीत होती. ती नव्या कापडाची नसत. जुनं लुगडं किंवा धोतर पुष्कळदा धुतलं गेलं की इतकं मऊ होतं की तसं नवं कापड बाजारात मिळत नाही. बाळाच्या कातडीला तेच सोसतं. म्हणून माझी कातरण हे मुख्य सामान नव्हे. मित्राच्या आईला फोन करून त्यांचं एखादं जुनं सुती पातळ मागून घे. लाजू नकोस, कुठलीही आजी नाही म्हणणार नाही. पातळाचा तळ आणि वरचा पदर, मध्ये एखादं जुनं धोतर, आणि वर माझ्या तुकड्यांची नक्षी.

आता कृती. साधारण एक मीटर लांब-रुंद पुरे. मोठं केलंस तर धुताना जड होतं आणि बाळाच्या आईचे हाल होतात. प्रत्येक तुकड्याचा एक धागा काढून पक्कडीत धरून, बेसिनवर जाळून बघ. कागद जळाल्यासारखा वास आला आणि भुरभुरीत राख पडली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, तो तुकडा बाजूला ठेव. भिवंडीच्या मालात मिसळ पुष्कळ असते आणि डोळ्यांना ती कळत नाही. सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एकत्र शिवलीस तर पहिल्या धुण्यातच दुपट्याला सुरकुत्या पडतील. कोऱ्या कापडाच्या धाग्याला मागावर चढवण्याआधी खळ लावलेली असते, म्हणून ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवून स्वच्छ धू. लाल आणि निळे तुकडे पांढऱ्या फडक्यावर ओले दाबून रंग जातो का बघ. जात असेल तर ते नकोच.

थर अंथरून चारी कडा आत दुमडून घे, आधी मोठे टाके घालून सगळं पक्कं बसव आणि मग धावदोरा घाल. गोधडीसारखंच, कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे ये. टाके एका रेषेत आले पाहिजेत, एकसारखे बारीक नाही आले तरी चालेल. पण दोरा ताणू नकोस, नाहीतर कापड गोळा होतं. गाठी थरांच्या आत लपव. मणी, टिकल्या, बटणं, लेस यांतलं काही लावायचं नाही, बाळ सगळं तोंडात घालतं. संध्याकाळी तासभर बसलास तर बारशापर्यंत आरामात होईल. पुरुषांनी सुई धरायची का, असं तुझ्या घरात कुणी म्हणालं तर त्यांना विचार, बाजारातले शिंपी कोण असतात?

चिंध्या जोडून पांघरूण करणं सगळ्या गरीब जगानं केलं आहे. आपली गोधडी, वाकळ, सीमेपलीकडची कौदी, बंगालचा कांथा. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून वस्ती आहे. तिथल्या गुलामांच्या वंशातल्या बायकांनी शेतातले फाटके कपडे जोडून गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. थंडीसाठी केलेली वस्तू कलेच्या दालनात गेली, याचं मला कौतुक आहे. पण त्यांची नक्षी घरात उरलेल्या कापडाच्या हिशेबानं ठरली होती, हेही विसरता कामा नये. तूही आधी चित्र काढून मग त्या रंगाचे तुकडे विकत आणू नकोस. आहेत ते अंथर, चार वेळा हलवून बघ, जुळतात.

दुपट्यात मन रमलं तर सोबत एक वही कर. बाळाचा पहिला दात, पहिलं पाऊल, कोण कोण भेटायला आलं, हे लिहायला. तू पुण्यात आहेस, शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे तिथे जाऊन ये. गांधीजींच्या प्रेरणेनं के. बी. जोशींनी १९४० साली ती उभी केली. तिथला कागद लाकडाचा नसतो, सुती चिंध्यांचा असतो. चिंध्या बारीक कापतात, पाण्यात कुटून लगदा करतात, जाळीवर उचलतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. कापसाचा तंतू लांब, म्हणून कागद लवकर पिवळा पडत नाही, तुटत नाही. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तुघलकाच्या काळापासून कागद करत आल्याचं सांगतात. मराठेशाहीत दौलताबादी आणि जुन्नरी कागदांना मान होता. म्हणजे ज्या कातरणीचं दुपटं होणार नाही, तिचा कागद होतो.

वहीचे कागद मधोमध दुमडून घड्या एकमेकींत घाल आणि घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिव. पुठ्ठ्यासाठी घरात आलेल्या खोक्याचा कागद चालेल. आतल्या नळ्या ज्या दिशेनं आहेत त्याच दिशेनं घडी घाल, आडवी घातलीस तर पुठ्ठा मोडतो. वर लावायला खणाचा एक तुकडा पाठवला आहे. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ कर, पातळ लाव आणि वजनाखाली रात्रभर दाबून ठेव. पूर्वी पुस्तकं बांधणारे कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तू घालू नकोस, ते विष आहे आणि हे लहान मुलाच्या घरात जाणार आहे.

वरून चकचकीत कागद गुंडाळू नकोस. एका सुती रुमालात दोन्ही बांध. तुमच्या पुण्यातल्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालातच बांधून ठेवलेले आहेत आणि त्या गठ्ठ्यांची मोजणीही ‘रुमाल’ म्हणूनच होते. सोडलेला रुमाल पुढे बाळाचं तोंड पुसायला उपयोगी पडेल.

आता त्या ‘फुकटात’वर येते. माझ्याकडे वर्षभर बायका येतात. ‘कातरण आहेच तुझ्याकडे, संक्रांतीच्या वाणाला बटवे शिवून दे ना,’ म्हणतात, आणि शिलाई सांगितली की चेहरा पडतो. चिंधीचे पैसे लागत नाहीत हे खरं, पण हाताचे लागतात. डोळ्यांचे लागतात. रुखवतातही हेच व्हायचं. मुलगी महिनोन् महिने मोत्यांचं, कापडाचं, कागदाचं करत बसायची आणि पाहुणे एकदा बघून जेवायला जायचे. तिच्या वेळेचा हिशेब कुणी केला नाही, म्हणून ती ‘हौस’ ठरली. हातानं करायची हौस मलाही आहे, पण दुसऱ्याची हौस आपल्या कामाला फुकट वापरायची सवय वाईट. स्वतःचा वेळ घालून करायचं असेल तर हवं तेवढं कर. दुसऱ्याकडून करून घेणार असशील तर त्याची शिलाई आधी विचार, घासाघीस न करता दे आणि मग ती वस्तू भेट म्हणून ने.

मी पाठवलेल्या कातरणीचे पैसे तुझ्याकडून घेणार नाही, भाचा आहेस. पण दुपटं तूच शिवायचंस, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकायचं नाही. कुठे अडलास तर रात्री नऊनंतर फोन कर, तोवर माझं मशीन चालू असतं. आणि देण्याआधी ते एकदा धुऊन कडक उन्हात वाळव, शिवताना हाताचा मळ लागतो.

तुझी,
आत्या